‘स्टे आहे’ : थांबलेल्या दाव्यांचा इतिहास

सांगवीहून बोलतोय. आजचा भाग कायद्याचा आहे, पण घाबरू नका, कलमांचे आकडे लागतील तेवढेच सांगीन.

आमच्या सांगवीत, शेजारी पिंपळे गुरवला, किंवा नाशिक रस्त्यानं चाकणकडे जाताना मोकळ्या जागेवर एक पाटी हमखास दिसते. ‘सदर मिळकतीबाबत न्यायालयात दावा प्रलंबित आहे. कोणीही व्यवहार करू नये.’ चौकशी केली की टपरीवाला दोन शब्दांत सांगतो, ‘स्टे आहे.’ किती वर्षं? ‘लै वर्षं.’ पुढे कोणी काही विचारत नाही. जणू स्टे म्हणजे जागेचाच एखादा गुण आहे, उतार किंवा खडक असावा तसा.

या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो, म्हणून आधी त्या सोडवून घेऊ. एक असतो मनाई हुकूम. तो माणसाला थांबवतो. बांधकाम करू नका, विकू नका, ‘जैसे थे’ ठेवा. दुसरी असते स्थगिती. ती कोर्टाला थांबवते. वरचं कोर्ट खालच्या कोर्टाला सांगतं की आम्ही एका मुद्द्याचा निकाल देईपर्यंत तुमच्याकडचा दावा पुढे नेऊ नका. मनाई हुकमात जमीन गोठते, पण दावा चालू असतो. स्थगितीत दावाच गोठतो. साक्षीदार म्हातारे होतात, कागद पिवळे पडतात, वकील बदलतात, कधी कधी वादी-प्रतिवादी दोघंही जातात आणि त्यांची मुलं ‘वारस’ म्हणून दाव्यात नाव लावून घेतात.

आज बोलायचंय ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल. आणि त्यातही जेव्हा प्रश्न नुसत्या बांधाचा नसतो, तर घटनेनं दिलेल्या हक्काचा असतो तेव्हा काय होतं? खालचं कोर्ट थांबावं की चालत राहावं? या प्रश्नावर गेल्या शंभरेक वर्षांत आपल्याकडे बऱ्याच युक्त्या करून झाल्या. त्यातल्या काही थेट महाराष्ट्रातल्या आहेत आणि एका वळणावर तर आपलं पुण्याचंच कोर्ट उभं आहे.

१९०८ चा कायदा काय म्हणत होता?

सुरुवात करू दिवाणी प्रक्रिया संहितेपासून. इंग्रजांनी १९०८ मध्ये केलेला हा कायदा आजही चालतो. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात रोज जे काही दिवाणी काम चालतं, ते याच पुस्तकाप्रमाणे. त्यातल्या आदेश ४१, नियम ५ चा आशय अगदी साधा आहे: नुसतं अपील केलं म्हणून काहीही थांबत नाही. थांबवायचं असेल तर वेगळा अर्ज करा, कारण दाखवा, उशीर न करता या, आणि गरज पडली तर तारण द्या. म्हणजे मूळ नियम चालत राहण्याचा होता आणि थांबणं हा अपवाद होता.

याच संहितेत आणखी एक तरतूद आहे. फारशी कुणाला माहीत नसते, पण मला ती फार शहाणी वाटते. समजा, एखाद्या दिवाणी न्यायाधीशांसमोर दावा चालू आहे आणि प्रश्न असा निघाला की ज्या कायद्यावर सगळा दावा उभा आहे, तो कायदाच घटनेच्या विरोधात असावा. खालचं कोर्ट स्वतः तो कायदा रद्द करू शकत नाही. मग कलम ११३ खाली त्यांनी तो प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवायचा. राज्यघटना आल्यावर, १९५१ मध्ये, ही गोष्ट त्या कलमात मुद्दाम घातली गेली. आता प्रश्न मुंबईला गेला, मग पुण्यातल्या दाव्याचं काय? आदेश ४६ मध्ये दोन वाटा दिल्यात. एक, दावा थांबवा. दुसरी, दावा चालू ठेवा, साक्षीपुरावे घ्या, निकालसुद्धा द्या, पण तो उच्च न्यायालयाच्या उत्तरावर अवलंबून ठेवा आणि उत्तर येईपर्यंत अंमलबजावणी करू नका.

ही दुसरी वाट लक्षात ठेवा. काम चालू, अंमल बंद. साक्षीदार जिवंत आहे तोवर त्याची साक्ष नोंदवली जाते आणि हक्काचा प्रश्नही खुला राहतो. पुढची सगळी गोष्ट म्हणजे ही मधली वाट विसरून एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला कसे गेलो, त्याचा हिशोब आहे.

मिरजकर खटला : हक्क दुखावला, तर जायचं कुठे?

आता येऊ १९६० च्या दशकातल्या मुंबईत. ‘ब्लिट्झ’ नावाचं गाजलेलं इंग्रजी साप्ताहिक होतं आणि त्याचे संपादक होते रुसी करंजिया. १९६० मध्ये त्यांनी छापलेल्या एका लेखावरून उद्योगपती कृष्णराज ठाकरसी यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. मागणी होती तीन लाख रुपयांची. दावा मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्यापुढे चालला.

१९६४ च्या ऑक्टोबरमध्ये भाईचंद गोडा नावाचे साक्षीदार पिंजऱ्यात आले. त्यांनी विनंती केली की माझी साक्ष वर्तमानपत्रांत छापून येऊ देऊ नका, आधी छापून आल्यामुळे माझ्या धंद्याचं नुकसान झालंय. तारकुंड्यांनी तोंडी आदेश दिला की ही साक्ष छापायची नाही. बातमीदार नरेश श्रीधर मिरजकर आणि त्यांचे सहकारी म्हणाले, हे काय? कोर्ट उघडं असतं, तिथं घडलेलं लिहिणं हा आमचा अभिव्यक्तीचा मूलभूत हक्क आहे. ते आधी उच्च न्यायालयाच्याच खंडपीठाकडे गेले. तिथं दाद मिळाली नाही, तेव्हा थेट सर्वोच्च न्यायालयात, मूलभूत हक्कांसाठीच्या कलम ३२ खाली.

म्हणजे बघा, दोन खाजगी पक्षांतला दिवाणी दावा, त्याच्या मधोमध एक आदेश, आणि त्या आदेशानं दुखावलेले लोक त्या दाव्यात पक्षकारही नाहीत. प्रश्न इतका मोठा ठरला की नऊ न्यायमूर्तींचं पीठ बसलं. सरन्यायाधीश होते सातारचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. ३ मार्च १९६६ ला निकाल आला. बहुमतानं सांगितलं की न्यायालयानं आपल्या अधिकारात दिलेला न्यायिक आदेश चुकीचा असू शकतो, पण त्यामुळे मूलभूत हक्काचा भंग झाला असं म्हणून रिट मागता येणार नाही. चूक दुरुस्त करायची तर अपिलाच्या रस्त्यानं. न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी वेगळं मत लिहिलं. त्यांच्या मते कोर्टाच्या आदेशानंही हक्क मोडू शकतो.

यात एक गंमत आहे. ज्या तारकुंड्यांच्या आदेशावरून हे सगळं रामायण घडलं, ते आपल्या सासवडचे. निवृत्तीनंतर ते देशातल्या नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीतलं मोठं नाव झाले. तेव्हा यात कुणी खलनायक शोधू नका. बिचकलेल्या साक्षीदाराला बोलतं करायचं, की लोकांना बातमी मिळू द्यायची, असा खरा पेच त्यांच्यापुढे होता.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं मिरजकर निकालाचा अर्थ असा, की दावा चालू असताना हक्क दुखावला तरी वाट अपिलाचीच. आता अपील म्हटलं की वेळ आली, आणि वेळ आली की वकिलाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘साहेब, तोवर खालचं थांबवा.’

कलम ९-अ : खास महाराष्ट्राचा प्रयोग

आता येते ती गोष्ट फक्त आपल्या राज्याची आहे. बाहेरच्या वकिलांना सांगितली तर ते चकित होतात.

मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयात लोकांनी एक क्लृप्ती शोधली होती. सरकारविरुद्ध दावा लावायचा तर कलम ८० प्रमाणे आधी नोटीस द्यावी लागते आणि दोन महिने थांबावं लागतं. लोक नोटीस न देताच दावा लावायचे आणि तातडीचा मनाई हुकूम मिळवायचे. हा दावा या कोर्टात चालूच शकतो का, हा प्रश्न त्या टप्प्यावर बघायची गरज नाही, असा १९५० च्या दशकातला उच्च न्यायालयाचा एक निकाल होता, त्याचा आधार घेतला जाई. नंतर दावा काढून घ्यायचा, नोटीस द्यायची आणि पुन्हा लावायचा. तोवर हुकमाचा फायदा खिशात.

हे बंद करायला महाराष्ट्रानं १९७० मध्ये संहितेत कलम ९-अ घातलं. १९७६ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर ते अडचणीत आलं, तेव्हा १९७७ मध्ये ते पुन्हा आणलं. त्याचा आशय असा: अंतरिम आदेशाच्या सुनावणीत कुणी ‘या कोर्टाला अधिकारच नाही’ असा आक्षेप घेतला, तर कोर्टानं तो मुद्दा आधी निकाली काढायचा. पुढे ढकलायचा नाही. हेतू चांगलाच होता, खोट्या पायावर मिळणारे हुकूम थांबवायचा.

पण झालं काय? आक्षेप घेणं प्रतिवादीच्या हातात. त्यानं नुसतं म्हणायचं, ‘अधिकार नाही, मुदतही संपलीय.’ की लागला प्राथमिक मुद्दा. त्याच्यावर साक्षी, उलटतपासणी, युक्तिवाद. वर्षं गेली. मग त्या एका मुद्द्याचा निकाल. तो विरुद्ध गेला की उच्च न्यायालय आणि तिथं स्थगिती. तिथून दिल्ली. मूळ दाव्यात अजून एकही साक्षीदार तपासलेला नाही!

मधल्या काळात केंद्रानं पुनरीक्षण अर्जांवर लगाम घातला होता. १ जुलै २००२ पासून नियम झाला की खालच्या कोर्टाच्या मधल्या आदेशाविरुद्ध असा अर्ज तेव्हाच करता येईल, जेव्हा तो आदेश अर्जदाराच्या बाजूनं झाला असता तर दावाच संपला असता. शिवाय असा अर्ज केला म्हणून दावा आपोआप थांबणार नाही, असंही लिहिलं गेलं. पण ९-अ चे आदेश नेमके याच चाळणीतून खाली पडायचे. कारण कोर्टाला अधिकार नाही असं ठरलं असतं तर दावा तिथंच संपला असता ना! बाकीचे लोक घटनेच्या कलम २२७ खाली, म्हणजे उच्च न्यायालयाच्या देखरेखीच्या अधिकारात, शिरले. एक दार लोटलं की गर्दी दुसऱ्या दाराशी.

अखेर २७ जून २०१८ ला राज्यानं अध्यादेशानं ९-अ रद्द केलं. पुढे असंही ठरलं की आधी काढलेले प्राथमिक मुद्दे दाव्याच्या बाकीच्या मुद्द्यांबरोबरच ठरवावेत. ४ ऑक्टोबर २०१९ ला नुस्ली वाडिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की मुदतीचा प्रश्न हा ९-अ च्या अर्थानं अधिकाराचा प्रश्न नव्हताच. म्हणजे कित्येक दावे ज्या मुद्द्यावर अडकून पडले, तो मुद्दा आधी ठरवायची गरजच नव्हती. हे कळलं तेव्हा कलम जाऊन वर्ष उलटलं होतं.

बहिणीचा वाटा

हे सगळं वकिली वाटत असेल तर एक घरातली गोष्ट घेऊ. आपल्या पट्ट्यात या प्रश्नानं जितकी घरं हलवली तितकी दुसऱ्या कशानं हलवली नसतील.

१९७२ मध्ये नवनगर प्राधिकरण आलं, कारखाने आले, आणि ज्या जिरायतीकडे कुणी बघत नव्हतं तिला भाव आला. मग लेकींनी विचारलं, आमचा वाटा? महाराष्ट्रानं १९९४ मध्येच कायदा करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला होता, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळून. २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि तो फरकही गेला. समानतेचं घटनेतलं वचन शेवटी सातबाऱ्यापर्यंत आलं, असं म्हणता येईल.

पण एक प्रश्न उरला. वडील २००५ च्या आधीच वारले असतील तर? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी सांगितलं, वडील त्या दिवशी हयात हवेत. १ फेब्रुवारी २०१८ ला दुसऱ्या दोघांनी अशा प्रकरणात मुलींना वाटा दिला, जिथं वडील २००१ मध्येच गेले होते. आता खालच्या न्यायाधीशानं काय करायचं? एक निकाल वाचला तर बहीण हरते, दुसरा वाचला तर जिंकते.

११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी गाठ सोडवली. हक्क जन्मानं आहे, वडील हयात असण्याची अट नाही. आणि त्याच निकालात न्यायालयानं कबूल केलं की परस्परविरोधी निकालांच्या गुंत्यामुळे आधीच उशीर झालाय, लेकींना समानतेच्या हक्कापासून असं दूर ठेवता येणार नाही, प्रलंबित प्रकरणं शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढा.

इथं थोडं थांबून विचार करा. वरचा प्रश्न सुटेपर्यंत खालचा दावा थांबवणं हे कागदावर दोन्ही बाजूंना सारखं दिसतं. पण जमीन भावाच्या ताब्यात असते. पीक तो घेतो, भाडं त्याला मिळतं, बिल्डरशी बोलणी तो करतो. थांबण्याची किंमत फक्त बहीण मोजते. स्थगिती तटस्थ नसते. ज्याच्या हातात आज वस्तू आहे, त्याच्या बाजूला ती झुकलेली असते.

सहा महिन्यांचं घड्याळ

आता २०१८ च्या त्या मोठ्या वळणाकडे. गंमत म्हणजे सुरुवात दिल्लीच्या रस्त्यांपासून आहे. दिल्ली महापालिकेच्या रस्तेकामात तेल कंपन्यांची खोटी बिलं लावल्याचा आरोप होता, गुन्हा २००१ मध्ये नोंदला गेला. त्यात एशियन रिसरफेसिंग नावाची कंपनी होती. आरोप निश्चित झाले, त्याला आव्हान दिलं गेलं, आणि अशा आव्हानात उच्च न्यायालय खटल्याला स्थगिती देऊ शकतं का, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला.

२८ मार्च २०१८ ला न्यायमूर्ती आदर्शकुमार गोयल, रोहिंटन नरिमन आणि नवीन सिन्हा यांनी निकाल दिला. उच्च न्यायालयाचा अधिकार मान्य केला. पण त्यापुढे जाऊन सांगितलं की देशभरात ज्या ज्या दिवाणी किंवा फौजदारी खटल्याला स्थगिती आहे, ती आजपासून सहा महिन्यांनी आपोआप संपेल. नव्या स्थगित्यांनाही हेच लागू. अपवाद एकच, उच्च न्यायालयानं कारणं लिहून मुदत वाढवली तर.

फौजदारी प्रकरणातल्या एका परिच्छेदानं देशातल्या सगळ्या दिवाणी दाव्यांचंही घड्याळ लावलं. वर्षानुवर्षं ताटकळलेल्यांना हा निकाल म्हणजे दिवाळी वाटली. का नाही वाटणार?

आणि इथं पुणे येतं. पुण्याच्या एका अतिरिक्त मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे एक खटला होता, त्याला मुंबई उच्च न्यायालयाची स्थगिती होती. सहा महिने उलटून गेले. तक्रारदार म्हणाले, आता सुरू करा. ४ डिसेंबर २०१९ ला त्यांना उत्तर मिळालं की तुम्ही उच्च न्यायालयातच अर्ज करा. त्यांनी थांबवलेलं काम आम्ही, खालचं कोर्ट, सुरू करू शकत नाही. १५ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं या आदेशावर कडक शब्द वापरले. आपली न्यायव्यवस्था पिरॅमिडसारखी आहे, टोकाला सर्वोच्च न्यायालय आहे, याची देशभरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांना आठवण करून दिली आणि पुण्याचं प्रकरण ताबडतोब सुनावणीला लावायला सांगितलं.

मला मात्र त्या पुण्याच्या आदेशाची बाजू समजते. डोक्यावर दोन साहेब. एक म्हणतो थांब. दुसरा, त्याच्याही वरचा, म्हणतो सहा महिन्यांनी पहिल्याचं ऐकू नकोस. आणि रोज ज्याच्या देखरेखीखाली काम करायचं, तो पहिला! ज्यानं थांबवलं त्याच्याकडूनच सुरू करून घ्या, ही सावध माणसाची रीत झाली. नियमाप्रमाणे ती चूक ठरली. पण घड्याळाच्या नियमात कुठंतरी खोट आहे, याची खूण त्यात होती.

खोट काय होती? ज्याला स्थगिती मिळाली, त्यानं सहा महिन्यांत सुनावणी व्हावी म्हणून कितीही धडपड केली तरी तारीख देणं त्याच्या हातात नसतं. आपल्या पुणे जिल्ह्याचंच बघा, आपली प्रकरणं मुंबईला जातात. तिथं फलकावर नंबर लागला नाही, न्यायमूर्ती बदलले, मधे कोरोनाची टाळेबंदी आली, तर त्यात पक्षकाराचा काय दोष? तरीही सहा महिने झाले की त्याचं संरक्षण गेलं. समोरच्यानं अर्जही करायचा नाही, कुणी ऐकायचंही नाही, नुसती कॅलेंडरची पानं उलटायची.

२९ फेब्रुवारी २०२४

अलाहाबाद उच्च न्यायालयात या नियमावर गंभीर प्रश्न उभे राहिले आणि तिथल्या वकील संघटनेचं अपील दिल्लीला आलं. १ डिसेंबर २०२३ ला तीन न्यायमूर्तींनी प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवलं. पाच जण बसले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, ज्यांच्या घराण्याचं गाव कनेरसर, आपल्या चाकणच्याच खेड तालुक्यातलं. त्यांच्यासोबत न्यायमूर्ती अभय ओक, पारडीवाला, मित्तल आणि मिश्रा. मुख्य निकाल लिहिला ओकांनी. ते ठाण्याचे, वकिलीची सुरुवात ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात केलेले. खालचं कोर्ट म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

निकाल असा: ऐकून घेऊन, कारणं देऊन दिलेली स्थगिती केवळ वेळ गेला म्हणून आपोआप संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाकडे ‘पूर्ण न्याय’ करण्याचा कलम १४२ चा अधिकार आहे खरा, पण समोर नसलेल्या, ऐकूनही न घेतलेल्या हजारो पक्षकारांचे आदेश त्यानं एका फटक्यात पुसता येणार नाहीत. न्यायालयाला वेळ मिळाला नाही, याची शिक्षा पक्षकाराला नको. कुठलं प्रकरण आधी घ्यायचं हे ज्या त्या न्यायालयाला जास्त कळतं, म्हणून वरून मुदती ठरवून देणं एरवी टाळावं.

मग आयुष्यभर स्थगिती खात बसायचं का? नाही. समोरच्याला न ऐकता दिलेला तात्पुरता आदेश थोड्या मुदतीचाच असावा, असंही याच निकालात आहे. एकतर्फी आदेशांसाठी घटनेतच, कलम २२६ च्या तिसऱ्या पोटकलमात, सोय आहे: तो उठवा म्हणून समोरच्यानं अर्ज केला की दोन आठवड्यांत निर्णय व्हायला हवा, नाहीतर आदेश जातो. फरक लक्षात घ्या. इथं घड्याळ सुरू होतं ते कुणीतरी येऊन ‘माझं ऐका’ म्हटल्यावर. आणि २०१८ च्या नियमामुळे मधल्या काळात जे खटले पुढे जाऊन संपले, ते तसेच वैध ठेवले.

माझ्या मते या निकालाला जुनी सावली आहे. १९८४ मध्ये अंतुले प्रकरण लवकर संपावं म्हणून सर्वोच्च न्यायालयानं ते विशेष न्यायाधीशांकडून काढून थेट मुंबई उच्च न्यायालयाकडे दिलं. २९ एप्रिल १९८८ ला सात न्यायमूर्तींच्या पीठानं तोच आदेश चुकीचा ठरवला. अंतुल्यांना त्यावर ऐकून घेतलं नव्हतं आणि त्यांची अपिलाची एक पायरीही गेली होती. चार वर्षांची घाई उलटी फिरली. घाई आणि हक्क यांची टक्कर झाली की घाईला शेवटी मागं यावं लागतं, आणि वेळही दुप्पट जातो.

मग राहिलं काय?

दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. ९-अ म्हणालं, ‘आक्षेप आला की आधी तोच, नेहमी.’ २०१८ म्हणालं, ‘सहा महिने झाले की संपलं, नेहमी.’ दोन्ही नियम उशिराच्या आणि लबाडीच्या रागातून आले, आणि तो राग खरा होता. पण दोन्हींनी न्यायाधीशाच्या डोक्याचं काम यंत्राकडे दिलं. लबाडानं पहिलं यंत्र वापरलं, आणि दुसऱ्यानं प्रामाणिकालाही चिरडलं.

जगात दुसरीकडेही हा पेच आहे. अमेरिकेत नागरी हक्कांच्या दाव्यात सरकारी अधिकारी ‘माझ्यावर खटलाच चालू शकत नाही’ असं संरक्षण मागतो. ते नाकारलं गेलं तर बहुतेकदा लगेच अपील करता येतं, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये ठरवलं. युक्तिवाद असा की खटल्याला सामोरं जावं न लागणं हाच ज्याचा हक्क आहे, त्याला खटला संपल्यावर तो परत देता येत नाही. यात तथ्य आहे. काही हक्क खटल्याच्या फेऱ्यातच मरतात. तिथं थांबायलाच हवं. पण बहिणीच्या वाट्याचे हक्क असे असतात की ते थांबल्यानं मरतात. एकच नियम दोघांना कसा पुरणार?

म्हणून मी पुन्हा १९०८ च्या त्या मधल्या वाटेकडे येतो. काम चालू, अंमल बंद. स्थगिती मागितली की वरच्या कोर्टानं पहिला प्रश्न हाच विचारावा: साक्षी नोंदवायला काय हरकत आहे? म्हाताऱ्या आत्याची साक्ष आज झाली आणि निकाल दोन वर्षांनी लागला, तर कुणाचं काय बिघडतं? हे उच्च न्यायालयाला आजही करता येतं, नवा कायदा लागत नाही.

आणि तुमच्यापैकी कुणाचा दावा असा थांबलेला असेल, तर निदान दोन गोष्टी वकिलांना विचारा. स्थगितीचा मूळ आदेश नेमका काय आहे, सगळा दावा थांबवलाय की फक्त एक भाग? आणि ती उठवायचा किंवा लवकर सुनावणीचा अर्ज शेवटचा कधी केला? पुष्कळदा लोक आदेश न वाचताच वर्षं काढतात. २०२४ नंतर स्थगिती आपली आपण संपणार नाही. कुणीतरी जाऊन ‘माझं ऐका’ म्हणावंच लागेल.

आज इथंच थांबतो. कायमचा नाही हं, अंतरिम! पुढच्या भागात वाटपाच्या दाव्यातली फाळणीपत्रं आणि जुने सातबारे कसे वाचायचे, ते बघू. तोवर नमस्कार.